गाडी थरथरते अन् गिअर हार्ड पडतो, म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवायला देऊ नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात रस्ते, पाणी, ड्रेनेज यावर वाचकांची पत्रं येतात आणि ती यायलाच पाहिजेत, पण आपल्या सोलापुरात कितीतरी घरांचं पोट ज्या गाडीवर चालतं त्या जुन्या व्हॅनबद्दल कुणी काही लिहीत नाही म्हणून आज मी लिहितेय. ओम्नी, व्हर्सा, इको. पूर्व भागातनं टॉवेल-चादरीचे गठ्ठे ट्रान्सपोर्टला न्यायचे असू देत, मार्केट यार्डातनं माल आणायचा असू दे, केटरिंगवाल्यांची भांडी, मंडपवाल्यांचं सामान, अक्कलकोट-तुळजापूरला जाणारं अख्खं कुटुंब, सगळं याच गाड्यांवर. ओम्नीचं उत्पादन २०१९ ला बंद झालं, व्हर्सा तर त्याच्याही कितीतरी आधी गेली, म्हणजे रस्त्यावर आहेत त्या ओम्नी-व्हर्सा सगळ्या आता वयस्कर झाल्यात आणि नवीन गाडी घ्यायची तर हप्ता परवडत नाही. त्यामुळं जुनीच नीट ठेवणं एवढंच हातात राहतं.

आमचा घरगुती धंदा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा. माल पोचवायला जुनी ओम्नी आहे, ती मीच चालवते. मागच्या उन्हाळ्यात तिला दोन तक्रारी एकदम सुरू झाल्या. सिग्नलला उभी राहिली की स्टेअरिंग, सीट, आरसा सगळं थरथरायचं, स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असतं तो वेग, वरखाली व्हायचा, कधी कधी बंदच पडायची. आणि गिअर इतका हार्ड की पहिला टाकायला जोर लावावा लागायचा, रिव्हर्सला तर किर्र आवाज. एका गॅरेजला नेली. त्यांनी एक चक्कर मारली आणि सांगितलं की गिअरबॉक्स गेलाय, उतरवावा लागेल, आणि थरथर वेगळी आहे, त्याला इंजिनचं काम निघेल. गिअरबॉक्स उतरवला, सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना आतल्या चक्रांचा वेग जुळवणाऱ्या रिंगा) बदलल्या, क्लच प्लेट बदलली, भरपूर बिल झालं आणि गाडी बाहेर काढली तर थरथर तशीच आणि गिअरही तसाच हार्ड. मग आमच्या ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रीकाकांनी सीट उचलून पाहिलं, कुणाला तरी ब्रेक दाबून क्लच हळूच सोडायला सांगितलं आणि इंजिन जागेवरनं उडी मारताना दाखवलं. गिअरबॉक्सखालच्या माउंटिंगचं रबर फाटून बसलं होतं. रबर बदललं, क्लच केबल नीट सेट केली, प्लग साफ केले. दोन्ही तक्रारी एकाच दुपारी गेल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की या दोन तक्रारी एकदम आल्या तर दोन वेगळे रोग समजून दोन वेगळी मोठी कामं काढायच्या आधी, दोन्हीला एकच कारण आहे का ते बघितलं पाहिजे, आणि ते बघायला पैसे लागत नाहीत, दहा-पंधरा मिनिटं लागतात.

का एकच कारण असतं ते सांगते. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवलेलं, त्याला जोडून मागं गिअरबॉक्स, आणि तिथनं प्रॉपेलर शाफ्ट मागच्या चाकांना. हा सगळा गोळा काही रबरी माउंटिंगवर टेकलेला असतो. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ते मुळात चार सिलिंडरच्या मानानं जास्त हलतं, ते हलणं अंगावर येऊ नये म्हणून ही रबरं. रबर कडक झालं, चिरलं, किंवा ऑइल गळून गळून फुगलं की थरथर थेट बॉडीत येते. आणि त्याच वेळी इंजिन-गिअरबॉक्स खाली बसतो किंवा तिरका होतो, मग गिअरचा दांडा ज्या लिंकेजनं गिअरबॉक्सला जोडलाय ते ओढलं जातं, क्लचच्या केबलचा ताण बदलतो, क्लच पूर्ण सुटत नाही. लोकांना वाटतं गिअरबॉक्स आतनं खराब झालाय. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, त्यात इंजिन सीटखाली बंद डब्यात, तिथं रबराचं आयुष्य किती राहणार. म्हणून आपल्या भागात हे आधी बघावं असं मला मनापासून वाटतं.

बघायचं कसं? हँडब्रेक पूर्ण ओढा, पायानं ब्रेक दाबून ठेवा, गाडीच्या पुढं किंवा मागं कुणी उभं राहता कामा नये, बघणाऱ्यानं बाजूनं बघायचं, आणि मग पहिल्यात टाकून क्लच अगदी थोडा सोडायचा, लगेच दाबायचा, मग तसंच रिव्हर्समध्ये. इंजिन थोडं हलणारच, पण धाडकन एका बाजूला उचललं गेलं तर माउंटिंग गेलंय. तेवढ्यात एक्झॉस्टच्या जोडाकडं आणि गिअर लिंकेजच्या बुशकडंही (सांध्यातल्या छोट्या रिंगांकडं) नजर टाकायची. ही बुशं अगदी किरकोळ किमतीची असतात, पण झिजली की दांडा डगडग हलतो आणि गिअर कुठं आहे तेच हाताला कळत नाही.

माउंटिंग चांगलं निघालं तर पुढची टेस्ट इतकी सोपी आहे की ती प्रत्येक ड्रायव्हरला शाळेत शिकवावी. इंजिन बंद करा आणि सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनवर सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडकतात, याचा अर्थ क्लच पूर्ण सुटत नाहीय. केबल ताणली गेलीय, केबलच्या आतल्या तारा तुटत आल्यात, पेडलची झोळ (क्लच लागायच्या आधीची मोकळी चाल) जास्त झालीय, प्रेशर प्लेट कमजोर झालीय, यातलं काहीतरी. बंद इंजिनवरही हार्डच पडत असतील तर दोष लिंकेजमध्ये, बुशमध्ये, ऑइलमध्ये किंवा मग खरंच गिअरबॉक्सच्या आत. आणि बाकी सगळे नीट पडतात पण एकच गिअर, समजा दुसरा, तेवढाच खरखरतो, तर तिथं सिंक्रो रिंगचा संशय घ्यायला जागा आहे. रिव्हर्सचं वेगळं आहे, बऱ्याच जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच, म्हणून गाडी पूर्ण थांबल्यावर क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबायचं आणि मग टाकायचा. एवढं थांबूनही किर्र होत असेल तर क्लच ओढतोय, म्हणजे पूर्ण सुटत नाहीय. आणि इथं परत दोन्ही तक्रारींची गाठ पडते बघा, कारण स्लो जर वाढलेला किंवा वरखाली होणारा असेल तर अर्धवट सुटलेला क्लच गिअरबॉक्सला आणखी जोरात फिरवत राहतो, म्हणजे स्लो नीट केला की गिअरही थोडा सुधारतो.

सकाळी पहिल्या दोन-चार किलोमीटरला हार्ड आणि नंतर नरम, असं असेल तर ऑइल बघा. गिअरबॉक्समध्ये नव्वद नंबर ऑइल टाका एवढं सांगून काम होत नाही. डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असा ऑइलचा प्रकार लिहिलेला असतो, आणि जीएल-५ मधले जास्त ताकदीचे केमिकल काही गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. जीएल-५ हे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलच्या गिअरसाठी चांगलं असतं. म्हणून मागच्या डिफरन्शियलसाठी आणलेल्या डब्यातलंच उरलेलं गिअरबॉक्समध्ये ओतायची जी पद्धत काही ठिकाणी आहे ती बंद झाली पाहिजे, गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिलाय तोच टाकावा. लेव्हल कमी असेल तर आधी गळती शोधावी, नुसतं भरून उपयोग नाही.

आता थरथरीकडं येते, कारण माउंटिंग चांगलं असूनही गाडी हलत असेल तर मग इंजिन खरंच नीट चालत नाहीय. बहुतेक पेट्रोल गाड्यांचा स्लो गरम झाल्यावर ७०० ते ९०० आरपीएमच्या आसपास असतो, पण जुन्या ओम्नीला आरपीएम मीटर नाही, त्यामुळं कानावरच भरवसा. एकसारखा ठेका आहे की मधेच एक ठोका चुकतोय, हे ऐकायचं. ठोका चुकत असेल तर एक सिलिंडर काम करत नाहीय, आणि तीन सिलिंडरच्या गाडीत एक गेला म्हणजे तिसरा हिस्सा ताकद गेली, ती थरथर लपतच नाही. कुठला सिलिंडर ते शोधायला मिस्त्री लोक एकेक प्लगची वायर ओढून बघतात. ज्याची काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही तो मेलेला. पण हे चालू इंजिनवर उघड्या हातानं करू नका, जोरात शॉक बसतो, आणि इंजेक्शनवाल्या गाडीत न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या, धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो कन्व्हर्टर जळतो. एमपीएफआय, म्हणजे अशा इंजेक्शनवाल्या गाडीत इंजेक्टरचा कनेक्टर काढून तीच टेस्ट होते, ती जास्त सुरक्षित.

मग प्लग काढून त्याचा रंग बघायचा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. काळा कोरडा कोळसा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय, आणि आपल्याकडची धूळ बघता कंपनीनं सांगितलेल्या मुदतीच्या आधीच फिल्टर बघायला पाहिजे. पांढरा पडलेला म्हणजे मिक्स्चर पातळ, कुठंतरी जादा हवा शिरतेय. ऑइलनं ओला म्हणजे मात्र रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचं काम. हे फुकटचं रिपोर्ट कार्ड आहे आणि तरी किती ठिकाणी प्लग न बघताच सरळ नवीन टाकून जुने कचऱ्यात जातात, म्हणजे पुरावाच गेला.

जादा हवा शिरणं हे स्लो बिघडायचं फार मोठं कारण आहे. इंजिनला हवा पोचवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टर असेल तर त्याचा पाइप, इंजिनमधली वाफ परत आत ओढणारा पीसीव्हीचा पाइप, छोटे छोटे व्हॅक्यूमचे रबरी पाइप. चिरलेल्या जागेतनं सुस्स आवाज येतो. काही जण कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून शोधतात, की जिथं मारल्यावर आवाज बदलतो तिथं गळती. ही पद्धत जुनीच आहे, पण आपल्या व्हॅनमध्ये इंजिन सीटखाली, गरम, आणि बाजूला वायरिंग. तिथं पेट घेणारा स्प्रे मारू नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्यापेक्षा कानाला एक लांब रबरी नळी लावून ऐकत जावं, किंवा जिथं सोय आहे तिथं स्मोक टेस्ट करून घ्यावी.

कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्यांत स्लोचा जेट कचऱ्यानं चोंदतो, तो साफ करून एअर स्क्रू सेट केला की बरंचसं काम होतं. एमपीएफआयमध्ये हवा आत सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीवर काळा थर बसतो आणि स्लो कंट्रोल करणारा व्हॉल्व्ह अडकतो. साफ केल्यावर सुरुवातीला स्लो थोडा वेडावाकडा वाटू शकतो कारण कॉम्प्युटरला पुन्हा शिकायला वेळ लागतो, तेवढ्यावरनं लगेच नवीन पार्ट टाकायचा निर्णय घेऊ नये. चेक लाइट लागत असेल तर आधी स्कॅनर लावा. पी०३०१, पी०३०२ असे कोड कुठला सिलिंडर मिस करतोय तेच सांगतात. पण कोड म्हणजे पार्टचं नाव नाही, तो फक्त कुठं बघायचं ते दाखवतो, हे ग्राहकालाही माहीत पाहिजे.

गॅसवर चालणाऱ्या गाड्यांना एक साधी कसोटी आहे. गाडी पेट्रोलवर घ्या. पेट्रोलवर स्लो एकदम चांगला आणि गॅसवरच थरथरते, तर किट बघा, रिड्यूसर, मिक्सर किंवा गॅसचे इंजेक्टर, ट्युनिंग. दोन्हीवर सारखीच थरथरते तर प्लग, कॉइल, हवा, नाहीतर कॉम्प्रेशन. आणि वर्षानुवर्षं गॅसवर चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हची सीट झिजते, टॅपेटचं (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचं) गॅप कमी होत जातं, मग गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि गाडी गरम असतानाच मिस करते, रेस दिली की बरी वाटते. टॅपेट सेट करणं हे अर्ध्या दिवसाचं काम, ते वेळेत केलं तर हेड उतरवायची वेळ लांबते.

पेट्रोलचाही एक मुद्दा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं आणि त्याला चालतील अशा मटेरियलच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून यायला लागल्या, आपल्या व्हॅन त्याच्या कितीतरी आधीच्या. म्हणून पेट्रोलचे रबरी पाइप, सील, कार्ब्युरेटरमधले वॉशर एकदा तपासून घ्यावेत, विशेषतः सीटखाली पेट्रोलचा वास येत असेल तर आजच. पण प्रत्येक थरथर पेट्रोलवर ढकलून मोकळं होणं हेही बरोबर नाही.

आणखी एक गोष्ट, जी घरात प्रत्येकाकडं पडलेली असते, पीयूसीची पावती. जुन्या पेट्रोल गाडीची ती चाचणी स्लोवर घेतात आणि त्यावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळलेलं इंधन) असे दोन आकडे असतात. एचसी खूप वाढलेला पण सीओ कमी, म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर जातंय, मिसिंग आहे किंवा जादा हवा शिरतेय. सीओ वाढलेला म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. कन्व्हर्टर शाबूत असेल तर आकडे थोडे झाकले जातात हे खरं, तरी मागच्या वेळची आणि यावेळची पावती शेजारी ठेवून बघितली तर मिस्त्रीला दिशा मिळते. अर्थात गाडीला खरोखर नळी लावून आकडे काढलेले असले तरच.

आता सोलापुरात सेकंडहँड ऑटोमॅटिक मोठ्या गाड्याही दिसायला लागल्यात, त्यांच्याबद्दल दोन शब्द. तिथं क्लच पेडल नाही, पण थरथर आणि झटक्यानं गिअर बदलणं यांचं नातं उलट जास्तच घट्ट असतं. इंजिनवर किती भार आहे हे थ्रॉटलचा आणि हवेचा सेन्सर सांगतो, त्यावरनं गिअरबॉक्स आतलं ऑइलचं प्रेशर ठरवतो. सेन्सर चुकीचं सांगायला लागला की स्लोही बिघडतो आणि गिअरही धक्का देऊन पडतो. म्हणून तिथं पण आधी कोड, मग ऑइलची लेव्हल आणि रंग. लाल, पारदर्शक असेल तर बरं, काळपट होऊन जळका वास येत असेल तर आत काहीतरी घासतंय. हे न बघता थेट गिअरबॉक्स खोलायला लाखाच्या घरातला खर्च सांगत असतील तर दुसऱ्या ठिकाणी दाखवूनच घ्या.

मिस्त्री लोकांवर माझा राग नाही, उन्हात पत्र्याच्या शेडखाली ते जे काम करतात ते मला दिसतं, आणि आमची गाडी वाचवली तीही एका मिस्त्रीकाकांनीच. पण ग्राहकानं विचारायला पाहिजे आणि गॅरेजनं सांगायला पाहिजे. तक्रार गरम इंजिनवर येते की थंडवर, पेट्रोलवर की गॅसवर, क्लच दाबल्यावर आवाज बदलतो की नाही, बंद इंजिनवर गिअर पडतो की नाही, हे आपण कागदावर लिहून नेलं तर चांगल्या मिस्त्रीचा अर्धा वेळ वाचतो. बायका गाडी घेऊन गेल्या की समोरचा घरच्यांना फोन लावायला सांगतो, हाही अनुभव आहे, तेव्हा हातात असा कागद असला की बोलणं मुद्द्यावर राहतं.

म्हणून तुमच्यामार्फत शहरातल्या गॅरेजवाल्यांना माझी विनंती आहे, की गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवायच्या आधी कुठल्या टेस्ट केल्या आणि काय दिसलं ते जॉबकार्डवर दोन ओळींत लिहून द्यावं, खर्चाचा अंदाज आधी सांगावा, आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट, अगदी फाटलेलं रबरसुद्धा, न मागता परत द्यावा. आणि तुम्हाला विनंती, की जून महिन्यात शाळा सुरू व्हायच्या आत, जेव्हा पोरांची ने-आण करणाऱ्या गाड्यांसकट सगळ्याच जुन्या गाड्या गॅरेजच्या दारात लागतात, तेव्हा शहरातल्या जाणकार मेकॅनिकना आणि आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवणाऱ्या सरांना विचारून आठवड्यातनं एकदा अर्धा कॉलम याच विषयावर सुरू करावा. पहिला प्रश्न माझ्याकडनं घ्या. ओम्नीचं माउंटिंग घेताना हलकं रबर आणि चांगलं रबर दुकानात हातात घेऊन ओळखायचं कसं?

आपली,
एक वाचक
जुळे सोलापूर